न्यूग्रेंज पाहायला जाताना

डब्लिनला नव्याने आलेल्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो, “न्यूग्रेंज अर्ध्या दिवसात होईल ना?” होतं की. पण परतल्यावर त्यातले निम्मे म्हणतात, “छान आहे, पण नक्की काय पाहिलं ते कळलं नाही.” दोष त्यांचा नाही. पाच हजार वर्षांपूर्वीचं हे थडगं बाहेरून पाहिलं तर पांढऱ्या भिंतीचा, डोक्यावर गवत वाढलेला एक मोठा ढिगारा. आत उभं राहायला मिळतात थोडीच मिनिटं. तेवढ्यात मार्गदर्शकाचं बोलणं ऐकायचं, छत बघायचं, शेजारच्याच्या पायावर पाय पडू द्यायचा नाही, की भिंतीवरची नक्षी शोधायची? म्हणून अभ्यास घरी करायचा आणि तिथे फक्त बघायचं. आई-बाबा, सासरची माणसं, कॉलेजच्या मैत्रिणी अशा सगळ्यांना नेऊन नेऊन माझा जो क्रम बसलाय तो इथे लिहिते.

१. नदीचा काठ चुकवू नका

न्यूग्रेंज मीथ काउंटीत आहे, ड्रॉहेडा शहरापासून पश्चिमेला साधारण आठ किलोमीटरवर, बॉइन नदीच्या उत्तर काठावर. माहिती केंद्र मात्र दक्षिण काठावर, डोनोर गावाजवळ. सगळा घोळ इथेच होतो. थेट थडग्यापाशी जाऊन आत शिरता येत नाही. माहिती केंद्रात हजेरी लावायची, पायपुलावरून नदी ओलांडायची आणि पलीकडे त्यांच्याच बसमध्ये बसायचं.

पहिल्या वेळी मी फोनच्या नकाशात ‘न्यूग्रेंज’ टाकलं. फोनने इमानदारीत न्यूग्रेंजलाच नेलं. कुंपणापलीकडे थडगं दिसतंय, हातात तिकीट आहे, आणि जायला वाट नाही. वळसा घालून केंद्रात पोचेपर्यंत आमची बस निघून गेली होती. तेव्हा नकाशात ‘ब्रू ना बोन्या माहिती केंद्र, डोनोर’ शोधा. ब्रू ना बोन्या म्हणजे बॉइनच्या वळणातला हा सगळा परिसर. त्यात न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ ही तीन मोठी थडगी येतात. १९९३ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

डब्लिनहून गाडीने एम-१ महामार्ग धरलात तर तासाभराच्या आत पोचता. गाडी नसेल तर कॉनली स्टेशनवरून ड्रॉहेडापर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी किंवा स्थानिक बस. या बसच्या फेऱ्या कमी असतात, त्यामुळे निघण्याआधी परतीची वेळ बघून ठेवा.

२. तिकीट आणि पोशाख

तिकीट ऑनलाइन, आणि आधीच काढा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी दारात जाऊन तिकीट मिळेल या आशेवर राहू नका. काढताना एक गोष्ट नीट वाचा: काही तिकिटांत फक्त प्रदर्शन असतं, काहींत थडग्याच्या आत नेतात. गाभाऱ्याचा उल्लेख असलेलंच घ्या. आत न जाता परत येणं म्हणजे देवळात जाऊन चप्पल स्टँड बघून येणं.

आत जायची वाट अरुंद आणि काही ठिकाणी बुटकी आहे. वाकावं लागतं, दोन-तीन जागी अंग तिरकं करून सरकावं लागतं. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, आतले फोटोही काढता येत नाहीत. बंद जागेत कुणाला धाप लागत असेल तर मार्गदर्शकाला आधी सांगून रांगेत शेवटी उभं राहा. शेवटी आत गेलेल्याला सगळ्यांत आधी बाहेर पडता येतं. माझ्या आईने हीच युक्ती केली आणि मग गाभाऱ्यातून निघायला तीच तयार नव्हती. अंगात पाऊस-वारा झेलणारं जॅकेट हवंच, जुलै असला तरी. छत्री घेऊ नका, टेकाडावर वारा ती उलटी करतो.

३. आदल्या रात्री गोष्टी वाचून ठेवा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची.

आधी नावं. ‘न्यूग्रेंज’ या नावात काहीही प्राचीन नाही. ११४२ साली जवळच मेलिफॉन्टचा मठ उभा राहिला. त्या साधूंच्या शेतवाड्यांना ‘ग्रेंज’ म्हणत, म्हणून हे न्यूग्रेंज, नवी वाडी. आयरिश नाव आहे ‘शी अन व्रू’. ‘शी’ म्हणजे अमानवी लोकांचं टेकाड. ज्या रडणाऱ्या बाईला इंग्रजीत बॅन्शी म्हणतात ती मुळात ‘ब्यान शी’, टेकाडातली बाई.

या टेकाडाचे मालक म्हणजे तुआहा दे दानन, आयर्लंडचे जुने देव. दाग्दा हा त्यांतला थोरला. त्याचं मन जडलं बोअनवर, जिच्यावरून बॉइन नदीला नाव पडलं. बोअन होती एल्कमारची बायको. दाग्दाने एल्कमारला कामावर लांब धाडलं, त्याला भूक-तहान लागणार नाही आणि अंधार पडलेला कळणार नाही अशी व्यवस्था केली, आणि नऊ महिने एका दिवसात बसवले. एल्कमार परत आला तेव्हा त्याच्या हिशेबाने एकच दिवस गेला होता. दरम्यान बोअनला मुलगा झाला होता, एंगस. ज्याच्या गर्भात राहण्याचा आणि जन्माचा दिवस एकच, तो ‘तरुण मुलगा’.

मोठा झाल्यावर एंगस साउनच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या तोंडावर, ब्रूमध्ये, म्हणजे याच टेकाडातल्या घरात, आला. त्या दिवशी कुणी शस्त्र धरत नसे. एल्कमारच्या हातात फक्त हेझलची काठी होती. एंगसने दरडावून मागितलं, “दिवस आणि रात्र हे घर माझं.” एल्कमारने दिलं. दुसऱ्या दिवशी तो घर परत मागायला आला तेव्हा निवाडा झाला: जग सरतं ते दिवस आणि रात्र यांतूनच, तेव्हा घर कायमचं एंगसचं. काही पोथ्यांत तर एंगस खुद्द दाग्दालाच असं फसवतो.

इंग्रजीतून ही गोष्ट ऐकली की नीट बसत नाही, कारण इंग्रजीत ‘एक दिवस’ की ‘दिवस’ हे आधीच सांगून टाकावं लागतं. आयरिशमध्ये तसा शब्दच नाही. ‘लॉ अगस ईहे’ म्हणजे एक दिवस-रात्रही आणि सगळे दिवस-रात्रही. मराठीतही तेच. “दिवस आणि रात्र घर माझं” म्हटलं की फसवणूक जशीच्या तशी कळते, समजावून सांगावी लागत नाही. इंग्रज मित्राला ही गोष्ट सांगताना मला तळटीप द्यावी लागली, माझ्या आजेसासूबाईंना फोनवर सांगितली तर त्या अर्ध्यातच म्हणाल्या, “गेलं म्हणायचं घर.”

बोअनची स्वतःची गोष्टही लक्षात ठेवा, कारण नदी ओलांडताना ती लागते. एक निषिद्ध विहीर होती, भोवती हेझलची झाडं. बोअनने तिला उलटी प्रदक्षिणा घातली. पाणी उसळलं, तिचा एक डोळा, एक हात आणि एक पाय घेऊन गेलं आणि समुद्रापर्यंत तिच्यामागे धावलं. तीच बॉइन. नावाचा अर्थ ‘पांढरी गाय’. आयरिश ‘बो’ आणि आपली ‘गो’ खरोखरच एका मुळातून आलेत. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथात ही नदी ‘बुविंदा’ म्हणून येते, ते वाचून गोविंदाशी नातं जोडायचा मोह होतो. तो आवरा, तिथला ‘विंदा’ म्हणजे पांढरा. उलट ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते नातं पक्कं आहे: आयरिशमध्ये ‘द्यास’ म्हणजे उजवा आणि दक्षिणही, अगदी आपल्या ‘दक्षिण’सारखा, आणि दोन्ही शब्दांचं मूळ एकच. सूर्याच्या दिशेने, उजवीकडून फिरणं त्यांच्याकडेही शुभ.

आता एक सावधगिरी. थडगं बांधलं गेलं इ.स.पू. ३२०० च्या सुमारास, गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही आधी सुमारे सहाशे वर्षं. गोष्टी कागदावर आल्या त्या ख्रिस्ती साधूंच्या हातून, मध्ययुगात. मध्ये चार हजार वर्षं. त्यामुळे ‘बांधणारे लोक दाग्दाला भजत’ असं कुणी छातीठोक सांगू लागलं तर मान हलवा आणि पुढे चला. गोष्टी या थडग्याचं नंतरचं आयुष्य सांगतात. ते आयुष्यही लहान नाही: रोमन काळातली नाणी आणि दागिने इथे दाराशी सापडले आहेत. कुणीतरी येऊन इथे काहीतरी वाहत होतं.

४. बाहेरून: आधी भिंतीवर शंका घ्या

बसमधून उतरलात की डोळ्यांत भरते ती पांढरी भिंत. गारगोटीची. ही गारगोटी दक्षिणेकडच्या विकलो डोंगरातून आणलेली, आणि मध्ये मध्ये दिसणारे गोल काळसर ग्रॅनाइटचे गोटे उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून. पण भिंत उभी केली आहे विसाव्या शतकात. कॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल ओ’केली यांनी १९६२ ते १९७५ इथे उत्खनन केलं. ढिगाऱ्यासमोर गारगोट्यांचा थर पसरलेला सापडला, तेव्हा ही कोसळलेली भिंत असणार असा त्यांनी निष्कर्ष काढला, आणि मागे काँक्रीटचा आधार देऊन ती पुन्हा रचली गेली. इतर काही पुरातत्त्वज्ञांना हे मुळीच पटलेलं नाही. त्यांच्या मते गारगोट्या जमिनीवरच अंथरलेल्या होत्या. नाउथला उत्खनन करणाऱ्या जॉर्ज इओगन यांनी तिथल्या गारगोट्या दारासमोर जमिनीवरच राहू दिल्या. एकाच दिवसात दोन्ही बघा आणि तुम्हीच ठरवा. माझं मत जमिनीच्या बाजूने, पण फोटो सगळे भिंतीचेच काढतात, मीही.

मग नजर खाली आणा. ढिगाऱ्याचा व्यास सुमारे ८५ मीटर, आणि त्याच्या पायाशी ९७ मोठे दगड काठाकाठाने लावलेत. दारासमोर आडवा पडलेला दगड सगळ्यांना माहीत असतो: एकात एक गुंतलेली वर्तुळं, खाली शंकरपाळ्यांसारखी नक्षी, आणि मधोमध वरून खाली गेलेली एक उभी खाच. ही खाच विसरू नका. ढिगाऱ्याला उजवीकडून फेरी घाला (बोअनची आठवण ठेवून) आणि बरोबर मागच्या बाजूला या. तिथे दुसरा एक कोरलेला दगड आहे, तो ५२ क्रमांकाचा, आणि त्याच्यावरही मधोमध तशीच उभी रेघ आहे. दाराची रेघ, गाभारा आणि ही रेघ, सगळं एका ओळीत. बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत, त्यामुळे निवांत बघता येतो.

दाराच्या वर आणखी एक भोक दिसेल, खिडकीसारखं. तो झरोका. त्याच्याकडे येतेच.

५. आत

वाट १९ मीटर लांब. चालताना कळत नाही, पण ती चढत जाते: गाभाऱ्याची जमीन दारापेक्षा सुमारे दोन मीटर उंच आहे, म्हणजे जवळपास झरोक्याच्या पातळीत. म्हणूनच दारातून आलेला उजेड वाटेतच संपतो आणि झरोक्यातून आलेला सरळ गाभाऱ्यात पोचतो. कोल्हापूरचा किरणोत्सव पाहिला असेल तर कल्पना लगेच बसेल. फरक एवढाच की तिथे मावळतीचे किरण, इथे उगवतीचे.

‘गाभारा’ मी सवयीने म्हणते. इथे मूर्ती नव्हती. जळालेल्या आणि न जळालेल्या हाडांचे अवशेष मिळाले, निदान पाच माणसांचे. तिन्ही बाजूंना तीन कोनाडे आणि त्यांत दगडी पराती. पाय स्थिर झाले की याच क्रमाने बघा:

पहिलं वर. छत सहा मीटर उंच, चुन्याशिवाय, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेलेला आणि शेवटी एका मोठ्या दगडाने झाकलेला. पाच हजार वर्षं आयर्लंडचा पाऊस खाऊनही आत पाणी झिरपत नाही. वाटेच्या छतातल्या फटी त्यांनी जळकी माती आणि वाळूने बुजवल्या होत्या आणि दगडांच्या पाठीवर पाणी वाहून जायला पन्हाळी खोदल्या होत्या. त्याच जळक्या मातीतल्या कोळशावरून या बांधकामाचं वय काढता आलं. डब्लिनच्या भाड्याच्या घरात राहून हे ऐकताना थोडं वाईट वाटतं.

दुसरं उजवीकडे. तिथला कोनाडा सगळ्यांत मोठा, त्याच्या छताच्या दगडाखाली मान वाकवून बघा, नक्षीने भरलाय.

तिसरं समोर, मागच्या कोनाड्यात उजव्या हाताला. ताटाएवढी तिहेरी वर्तुळाकार नक्षी, एका रेषेतून तीन भोवरे. भेटवस्तूंच्या दुकानात हिला ‘सेल्टिक’ म्हणून विकतात, पण ती कोरली गेली तेव्हा आयर्लंडमध्ये सेल्टिक भाषा यायला अजून दोनेक हजार वर्षं तरी होती.

भिंतींवर जुन्या पाहुण्यांची नावंही खरवडलेली दिसतील. १६९९ मध्ये इथल्या जमीनदाराचे मजूर दगड काढायला आले आणि वाट उघडी पडली. तेव्हापासून ओ’केलींच्या काळापर्यंत कुणीही यावं आणि नाव लिहून जावं असं चाललं होतं.

शेवटी मार्गदर्शक दिवे घालवतो. खरा काळोख. मग एका दिव्याने सूर्याची नक्कल करतात आणि जमिनीवरून एक पिवळी रेघ सरकत येते. या वेळी बोलू नका आणि मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

६. २१ डिसेंबर

आसपासच्या लोकांत एक बोलणं होतं की वर्षातून कधीतरी ऊन आतपर्यंत जातं. पुष्कळांनी ते इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या उन्हाळ्यातल्या सूर्योदयाशी गोंधळून टाकलेलं. ओ’केलींनी दिशा तपासली तेव्हा उन्हाळा बसेना, हिवाळा बसला. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते एकटे आत जाऊन थांबले, आणि ८ वाजून ५८ मिनिटांनी झरोक्यातून ऊन आत आलं. ते १७ मिनिटं राहतं. पृथ्वीचा आस किंचित हलल्यामुळे आता किरण सूर्योदयानंतर चारेक मिनिटांनी येतो; बांधलं तेव्हा तो उगवतीबरोबरच यायचा. झरोका बंद करायला गारगोटीचे ठोकळे होते आणि त्यांच्या सरकण्याचे ओरखडे दगडावर होते. म्हणजे थडग्याचं दार बंद झाल्यावरही कुणीतरी झरोका उघडत होतं, निदान काही काळ.

त्या दिवसांत सूर्य रोज जवळपास एकाच जागी उगवतो, थांबल्यासारखा. दाग्दाने नऊ महिन्यांचा एकच दिवस केला त्या गोष्टीशी हे किती जुळतं ते मी सांगायला नको. जुळणं म्हणजे पुरावा नव्हे, पण ही गोष्ट याच टेकाडाला का चिकटली असेल, असं मनात येतंच.

आत उभं राहायचं असेल तर सोडत असते. हजारो अर्ज येतात, सप्टेंबरच्या शेवटी शाळेतली मुलं चिठ्ठ्या काढतात, आणि ज्याचं नाव येतं त्याला एक जण सोबत नेता येतो. अर्ज फुकट आहे, भरून टाका. मी दरवर्षी भरते, दरवर्षी नाव येत नाही. नंबर लागलाच तरी ढगांचं काही सांगता येत नाही. बाहेर उभं राहून सूर्योदय पाहायला सोडत लागत नाही, आणि थेट प्रक्षेपणही होतं. घरच्यांना कळवा: पुण्या-मुंबईत तेव्हा दुपारचे २ वाजून २८ मिनिटं झालेले असतात, जेवणं उरकून आरामात बघता येतं.

७. वेळ उरला तर नाउथ, आणि डाउथ नक्की

नाउथला आतल्या वाटांत सोडत नाहीत, पण कोरीव दगडांची संख्या तिथे न्यूग्रेंजपेक्षा खूप जास्त आहे आणि ढिगाऱ्याच्या माथ्यावर चढता येतं.

डाउथ मात्र माझं लाडकं. तिकीट नाही, बस नाही, दुकान नाही. रस्त्याकडेला एक शेत, फाटक आणि गवताळ टेकाड. माथ्यावर मोठा खड्डा आहे, तो १८४७ च्या उत्खननाने पाडलेला. आतल्या दोन वाटा बंद आहेत. त्यांतल्या दक्षिणेकडच्या गाभाऱ्यात हिवाळ्यातल्या दुपारी मावळतीचं ऊन शिरतं. न्यूग्रेंजला उगवती, इथे मावळती.

डाउथची मध्ययुगीन स्थळकथा अशी. ब्रेसल राजाच्या काळात गुरांवर रोग आला, सात गायी आणि एक बैल तेवढा उरला. राजाला आभाळापर्यंत बुरूज बांधायचा होता. आयर्लंडचे पुरुष म्हणाले, एक दिवस काम करू, जास्त नाही. राजाची बहीण म्हणाली, मी सूर्य थांबवते, काम होईपर्यंत दिवस संपणार नाही. सूर्य थांबला. मग राजाने बहिणीशी संग केला, आणि मंत्र तुटला. अंधार पडला, माणसं हत्यारं टाकून निघून गेली. जागेचं नाव राहिलं ‘दुवद’, अंधारणं. त्याचंच डाउथ.

२०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी न्यूग्रेंजच्या गाभाऱ्यात मिळालेल्या एका पुरुषाच्या हाडातला डीएनए तपासून प्रसिद्ध केला. त्याचे आईवडील सख्खे भाऊ-बहीण होते, किंवा त्यांच्यात आई-मुलगा वा बाप-मुलगी असं नातं होतं. हा राजघराण्यातला, देव मानला गेलेला माणूस असेल असा त्यांचा अंदाज. पुढे इतर पुरातत्त्वज्ञांनी आक्षेप घेतला: एका हाडावरून राजा उभा करता येत नाही. दोन्ही बाजू ऐकून मी अजून कुंपणावरच आहे. पण ती बातमी वाचल्यावर पहिली आठवण झाली ती ब्रेसलच्या बहिणीची.

डाउथला जायचं तर हिवाळ्यात साडेतीनच्या आत पोचा, चारनंतर अंधारतं. शेतात मेंढ्या असतात, बूट चिखलात जाणार हे गृहीत धरा, आणि बाहेर पडताना फाटकाची कडी लावा.